मात्रा, अंतर आणि यकृत : आयसोनियाझिडच्या इतिहासातील एक प्रकरण

औषधाविषयी बोलताना मराठी माणूस तीन क्रियापदे नित्य वापरतो. औषध ‘लागू पडते’, औषध ‘बाधते’, किंवा औषध ‘मानवत नाही’. पहिल्या दोन प्रयोगांत कर्तृत्व औषधाकडे आहे. तिसऱ्यात ते औषध आणि देह यांच्यामध्ये कोठेतरी आहे. औषध वाईट नव्हे, रोगीही दोषी नव्हे, दोहोंचा मेळ बसला नाही, एवढेच ते सांगते. हवा, पाणी, अन्न आणि औषध ह्या चोहोंना हे एकच क्रियापद लागते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आधुनिक वैद्यकाला ह्या तिसऱ्या क्रियापदाचा अर्थ प्रयोगशाळेत उलगडू लागला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि त्यास एक मोठे निमित्त झाले ते क्षयावरील एका स्वस्त औषधाचे. ह्या औषधाचा इतिहास युरोप-अमेरिकेत सुरू होतो व मद्रासेत त्यास वळण मिळते. परंतु त्यातील मुख्य प्रश्न ज्यांच्यासाठी उभा राहिला ते लोक सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यापाड्यांसारख्या, दवाखान्यापासून दूर पडलेल्या वस्त्यांत राहतात.

आयसोनियाझिड हे द्रव्य प्रथम तयार झाले १९१२ साली प्राग येथे. हान्स मायर आणि योझेफ माली ह्या दोघांनी ते रसायनशास्त्रातील एक अभ्यासविषय म्हणून सिद्ध केले; क्षयाचा संबंध त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. पुढे चाळीस वर्षे ते ग्रंथांत पडून राहिले. १९५२ साली त्याचा क्षयघ्न गुण जाहीर झाला, आणि तो एकाच वेळी तीन स्वतंत्र औषधसंस्थांच्या हाती लागला होता, हा शास्त्राच्या इतिहासातील एक मौजेचा योगायोग होय. स्ट्रेप्टोमायसिनसाठी सुई टोचावी लागे. पॅस हे औषध मोठ्या मात्रेत घ्यावे लागे आणि पोट बिघडवी. आयसोनियाझिड मात्र एक लहानशी गोळी होती.

गोळी एक असली तरी देहात तिची गत एक नव्हती. १९५३ मध्ये हेटी ह्यूज ह्यांना रोग्यांच्या लघवीत मूळ द्रव्याबरोबर त्याचे ॲसिटिलयुक्त रूपही आढळले, आणि ह्या दोहोंचे प्रमाण माणसामाणसांत बरेच निराळे असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी जर्मनीत ब्योनिके आणि राइफ ह्यांनीही हा भेद नोंदविला. पुढल्या वर्षी ह्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, ज्यांच्या देहात औषध अधिक काळ मूळ रूपात टिकते त्यांनाच हातापायांची आग होणे, मुंग्या येणे हा मज्जातंतूंचा विकार अधिक होतो. निर्णायक पुरावा आला तो १९६० साली. इव्हान्स, मॅन्ली आणि मक्युसिक ह्यांनी ५३ कुटुंबांतील २६७ व्यक्तींना औषध देऊन सहा तासांनी त्यांच्या रक्तातील त्याचे प्रमाण मोजले. आकड्यांचा आलेख एका टेकडीसारखा न होता त्याला दोन स्पष्ट उंचवटे आले. माणसे ‘थोडी अधिक, थोडी उणी’ अशी सलग पसरलेली नव्हती. ती दोन वर्गांत विभागली होती, आणि हे वर्ग मेंडेलच्या नियमांनुसार वंशपरंपरेने उतरत होते. मंद वर्गात मोडण्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही मंद जनुक यावे लागे. ही क्रिया मुख्यतः यकृतात घडते, हेही थोड्याच वर्षांत स्पष्ट झाले. शीघ्र वर्गातील माणसाच्या रक्तातील औषध साधारण एक ते दीड तासात निम्म्यावर येते. मंद वर्गात त्यास सुमारे तीन तास लागतात. अशा भेदांच्या अभ्यासासाठी फ्रीडरिश फोगेल ह्यांनी १९५९ मध्येच एक जर्मन संज्ञा घडविली होती. ‘औषधजनुकशास्त्र’ हा तिचा सरळ मराठी पर्याय होईल.

संज्ञांविषयी येथे थोडे थांबणे अस्थानी होणार नाही. मद्रासच्या लेखांतून रोग्यांना ‘शीघ्र निष्क्रियकारक’ आणि ‘मंद निष्क्रियकारक’ अशा अर्थाची नावे दिलेली आढळतात. पुढे त्यांची जागा ‘ॲसिटिलकारक’ ह्या अधिक काटेकोर नावाने घेतली. दोन्ही नावांत माणसाची ओळख त्याच्या यकृताच्या एका कृतीने होते. मराठीत ‘मंद’ हा शब्द कमीपणाचा. मंदबुद्धी, मंदाग्नी हे समास त्याची साक्ष देतात. येथे मात्र मंदपणा रोग्याच्या पथ्यावर पडे, कारण औषध जंतूंवर अधिक काळ काम करी. तोच मंदपणा मज्जातंतूंना नडे. तेव्हा ‘उत्तम यकृत कोणते?’ ह्या प्रश्नाला औषध कसे दिले जाते हे सांगितल्याखेरीज उत्तर नाही.

औषध कसे दिले जाते, हा प्रश्न भूगोलाचाही आहे. सिद्धगड मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य धारेलगत उभा आहे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ह्यांना येथेच वीरमरण आले. ज्या दुर्गमतेने आझाद दस्त्याला आसरा दिला, तीच दुर्गमता पुढे औषधाच्या वाटेवर आडवी आली. मुरबाड-शहापूरच्या ह्या पट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ह्यांच्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत; कातकरी कुटुंबे तर पावसाळा सरताच वीटभट्ट्यांच्या आणि कोळसाभट्ट्यांच्या कामासाठी घर सोडतात. आठवड्याच्या बाजाराला उतरणे हे ह्या लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे. रोज दवाखान्याची पायरी चढणे नाही.

क्षय हा शहरी गिरण्यांचा आणि चाळींचा रोग आहे, अशी समजूत होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ ह्या काळात केलेल्या पाहणीने ती मोडली. रोगाचे प्रमाण खेड्यांत शहरांइतकेच भरले. आरोग्यधामांतील खाटा मात्र रोग्यांच्या मानाने नगण्य होत्या, आणि पाचगणीची हवा ज्यांना परवडे असे रोगी थोडेच. १९५६ साली ह्या परिषदेने मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद ह्यांच्या सहकार्याने मद्रासेत क्षयरोग औषधोपचार केंद्र काढले. वॉलेस फॉक्स ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेल्या पहिल्याच तुलनेने, १९५९ मध्ये, घरी राहून औषध घेणारा गरीब रोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, हे जगाला दाखविले. ह्या निष्कर्षाने खाटांचा प्रश्न मिटला आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहिला : घरी गेलेला रोगी वर्षभर रोज गोळी घेतो, हे पाहावयाचे कोणी?

त्यावर केंद्राने काढलेला तोडगा साधा होता. औषध रोज रोग्याच्या हवाली करण्याऐवजी त्याला ठराविक दिवशी बोलवावे आणि डोळ्यांदेखत मोठी मात्रा द्यावी. ह्यास शास्त्राचा आधारही होता : औषधाचा जबर आघात झाल्यावर क्षयाचे जंतू काही दिवस वाढत नाहीत. आठवड्यातून दोनदा स्ट्रेप्टोमायसिन आणि, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास सुमारे १५ मिलिग्रॅम ह्या मानाने, आयसोनियाझिड देण्याचा प्रयोग झाला. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे फळ रोजच्या उपचाराच्या तोडीचे ठरले. मग साहजिकच पुढले पाऊल पडले. दोनदा जमते, तर एकदा का नको? आठवड्यातून एकदाच यावयाचे असेल, तर बाजारहाटाच्या दिवशीच औषध होईल. दूरच्या खेड्यांच्या दृष्टीने ह्याहून सोयीची योजना सुचणे कठीण.

येथे यकृत आड आले. मद्रास केंद्राने तोवर आपल्या रोग्यांची वर्गवारी केलेली होती. त्यांतील सुमारे ६० टक्के मंद वर्गातले होते. रोज आयसोनियाझिड व पॅस ही जोडी घेणाऱ्यांत दोन वर्गांच्या फळात लक्षात यावा असा भेद नव्हता. आठवड्यातून दोनदा औषध घेणाऱ्यांतही तो महत्त्वाचा ठरला नाही. आठवड्यातून एकदाच्या योजनेचे निष्कर्ष १९७० मध्ये बाहेर आले तेव्हा मात्र दोन वाटा फुटलेल्या दिसल्या. मंद वर्गातील रोग्यांना ही योजना बऱ्यापैकी लागू पडली; शीघ्र वर्गातील रोग्यांत ती उणी पडली. त्यांच्या यकृताने औषध इतक्या लवकर निकामी केले की, जंतूंवर झालेला आघात पुढल्या आठवड्यापर्यंत पुरला नाही. जनुक तेच, एंझाइम तेच, गोळीही तीच. दोन मात्रांमधले दिवस वाढले तेव्हा वंशपरंपरेने आलेला भेद रोग्याच्या प्राणाशी येऊन भिडला. औषधजनुकशास्त्राच्या सामान्य ग्रंथांतून आयसोनियाझिडचे उदाहरण हमखास येते, परंतु ते बहुधा दोन उंचवट्यांच्या आलेखापाशी संपते. ह्या इतिहासाचे मर्म आलेखात नसून दोन मात्रांमधल्या अंतरात आहे, आणि ते अंतर ठरविण्यात रस्त्याचाही वाटा होता.

केंद्राने हार मानली नाही. मात्रा आणखी वाढवावी, तर मंद वर्गाला ती सोसेना. हळूहळू विरघळणारी गोळी करून शीघ्र वर्गातील माणसाच्या रक्तात औषध अधिक काळ टिकविण्याचे प्रयत्नही झाले. प्रत्येक रोग्याची लघवी तपासून त्याचा वर्ग ठरविणे अशक्य नव्हते. पण ज्या खेड्यासाठी ही सारी खटपट चालली होती, तेथे ती तपासणी करणार कोण? मज्जातंतूंच्या विकारावर मात्र सोपा उपाय सापडला : औषधाबरोबर पिरिडॉक्सिन हे जीवनसत्त्व अल्प प्रमाणात दिले की तो टळे.

रिफाम्पिसिन आल्यावर हा वाद मागे पडला. दोन प्रबळ औषधे जोडीने काम करू लागली, तेव्हा एकाच्या वेगाचे महत्त्व घटले. भारतात १९९७ पासून सुधारित कार्यक्रमाखाली आठवड्यातून तीनदा, समक्ष औषध देण्याची पद्धत पसरली आणि २००६ पर्यंत ती देशभर गेली. २०१७ मध्ये तिच्या जागी पुन्हा रोजची मात्रा आली. दरम्यान जुना प्रश्न अमेरिका व कॅनडा येथे अनपेक्षितपणे परतला होता. तेथे रिफापेंटिन ह्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाबरोबर आयसोनियाझिड आठवड्यातून एकदा देऊन पाहिले गेले, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की, ज्यांच्या बाबतीत उपचार फसला त्यांच्या रक्तात आयसोनियाझिडचे प्रमाण कमी होते. मद्रासचा धडा पुनः गिरवावा लागला.

यकृताला होणाऱ्या इजेची कथा ह्याहून वाकडी आहे. १९७५ च्या सुमारास असे मानले जाई की, शीघ्र वर्गालाच कावीळ होण्याचा धोका अधिक, कारण विषारी उपद्रव्य त्यांच्यात लवकर निर्माण होते. पुढे दिसले की, ते उपद्रव्य निरुपद्रवी करण्याचे कामही तेच एंझाइम करते. म्हणून धोका अधिक तो मंद वर्गाला. हे एंझाइम घडविणारे जनुक, नॅट-२, आठव्या गुणसूत्रावर आहे, आणि मंदपणाचे मूळ त्याच्या कोणत्या बदलांत आहे हे १९९०-९१ मध्ये उलगडले. २९० ॲमिनो अम्लांच्या साखळीत ११४ व्या स्थानी आयसोल्यूसिनऐवजी थ्रिओनिन, किंवा १९७ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन आले, एवढ्याने भेद पडतो. जपानमध्ये मंद वर्गाची माणसे दहांत एखादेच. तेथेच, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जनुक पाहून मात्रा ठरविल्यास यकृताची इजा आणि उपचाराचे अपयश दोन्ही घटतात, असे आढळले.

महाराष्ट्रात ह्या विषयाला ‘प्रकृती’ ह्या जुन्या शब्दाची जोड मिळाली. योगिता घोडके, कल्पना जोशी आणि भूषण पटवर्धन ह्यांनी पुण्यात १३२ निरोगी व्यक्तींची आयुर्वेदानुसार प्रकृती ठरवून यकृतातील सीवायपी-२सी१९ ह्या दुसऱ्या एका एंझाइमचे जनुक तपासले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार मंद रूपाचे प्रमाण कफप्रकृतीत ३१ टक्के, वातप्रकृतीत १२ आणि पित्तप्रकृतीत ९ होते. तीन गटांत वाटली गेलेली १३२ माणसे मोठ्या सिद्धांताचा भार पेलण्यास थोडीच. तथापि प्रश्न विचारण्याची रीत उचित होती.

आठवड्यातून एकदाची मात्रा शेवटी भारतात आली, पण निराळ्या कामासाठी. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, क्षयी माणसाच्या घरातील, ज्यांना रोग जडलेला नाही अशा माणसांसाठी, रिफापेंटिन आणि आयसोनियाझिड ह्यांच्या बारा साप्ताहिक मात्रांचा समावेश आहे. प्रौढासाठी आयसोनियाझिडचे मान दर किलोग्रॅमला १५ मिलिग्रॅम, म्हणजे मद्रासेत साठीच्या दशकात वापरले जाई साधारण तेवढेच. निरोगी माणसाच्या देहात जंतू थोडे असतात, आणि बारा आठवड्यांत बारा वेळा औषध घेणे डोंगरातल्या वाडीवरही जमण्यासारखे आहे.