नवा फ्लॅट की रीसेल? आधी साल विचारा!

सध्या आमच्या टीममधे जेवणाच्या सुट्टीत एकच विषय असतो: नवीन बुकिंग करायचं की रीसेल बघायचं? मग लिफ्ट, पार्किंग, ऑफिसपासूनचं अंतर, ईएमआय वगैरे सगळं निघतं. कागदांबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. खरं तर महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे. म्हणजे बघा, इमारत कुठल्या साली उभी राहिली त्यावर तिचे कागद ठरतात.

सुरुवात मुंबईपासून. १९१५ साली गावदेवीला चित्रापूर सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली. तिथे जमीन सोसायटीची, इमारत सोसायटीची आणि सभासद तिचे भाडेकरू. जमीन कोणाची, हा प्रश्नच नव्हता. पण बहुतेक मुंबईकर राहायचे घरमालकाच्या चाळीत. मग आला १९४७चा भाडे नियंत्रण कायदा. त्यात भाडी साधारण १९४० सालच्या पातळीवर गोठली. भाडेकरू वाचला, पण भाड्याने द्यायला नवी इमारत बांधण्यात कोणाला रस राहिला नाही. जुन्यांची डागडुजी थांबली, पागडी फोफावली.

यातून रुजला 'ओनरशिप फ्लॅट'. बिल्डर जमीन घेणार, इमारत बांधणार आणि एकेक फ्लॅट विकणार. कल्पना झकास, पण नियम काहीच नाहीत! पैसे घेऊन ताबा न देणं, नकाशा बदलणं, जमिनीचे कागद न दाखवणं अशा तक्रारी वाढल्या. सरकारने समिती नेमली आणि १९६३ साली मोफा हा कायदा आला. बिल्डरने लेखी करार करायचा, तो नोंदवायचा, सोसायटी स्थापन करायची आणि शेवटी जमीन-इमारत तिच्या नावे करून द्यायची. या शेवटच्या पायरीला म्हणतात कन्व्हेयन्स.

आणि गाडी अडली ती इथेच. फ्लॅट विकून झाले की बिल्डरला कन्व्हेयन्सची घाई कशाला असेल? उलट जमीन त्याच्या नावावर राहिली तर पुढे वाढीव एफएसआयवर त्याला हक्क सांगता येतो. हजारो सोसायट्यांमधे लोक वर्षानुवर्षं मेंटेनन्स भरत राहिले आणि खालची जमीन दुसऱ्याच्याच नावावर! शेवटी २००८ साली मोफात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' आलं. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पंचेचाळीस वर्षांनी आलेला बगफिक्स :)

नव्या घरांसाठी मोठा बदल झाला तो रेरामुळे. १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. आता नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि ताब्यानंतर ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची. सुपर बिल्टअपची मखलाशी संपून हिशोब कार्पेटवर आला. अर्थात ताबा उशिरा मिळण्याचा धोका कायद्याने कमी होतो, शून्य होत नाही. शिवाय बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर एप्रिल २०१९ पासून ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांना १ टक्का) आहे. रीसेलवर तो नाही.

थोडक्यात काय, नव्या घरात आपण वचन विकत घेतो आणि जुन्या घरात इतिहास. वचन तपासायचं तर महारेराच्या साइटवर प्रकल्प, मुदत आणि खटले बघा. इतिहास तपासायचा तर पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करार, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र आणि मुख्य म्हणजे कन्व्हेयन्स मागा.

माझं मत विचाराल तर, कन्व्हेयन्स झालेली पंचवीस वर्षांची इमारत मला चकचकीत ब्रोशरपेक्षा भरवशाची वाटते. टाइल्स जुन्या होतात, प्लंबिंग बदलावं लागतं, पुढे रीडेव्हलपमेंटची वेळ येते. त्या दिवशी टेबलावर किंमत असते ती जमिनीची. आणि कन्व्हेयन्स नसेल तर? एकतर भाव तेवढा पाडून मागा, नाहीतर सरळ पुढचं घर बघा.

असो. साइट व्हिजिटला जाल तेव्हा स्विमिंग पूलच्या आधी कागद बघा, एवढंच.