तळटीप ७ : नवा जोडीदार

७. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चचे तरुण धर्मप्रचारक एकटे फिरत नाहीत. दोघांची जोडी एकत्र राहते, एकत्रच दारोदार जाते. मुलांची सेवा २४ महिन्यांची, मुलींची १८ महिन्यांची. प्रशिक्षण केंद्रात, उदाहरणार्थ युटातील प्रोव्हो येथे, परभाषेचे जुजबी धडे गिरवून आलेल्या नवख्याला मिशनचा अध्यक्ष अनुभवी जोडीदाराच्या हवाली करतो. पहिले १२ आठवडे बोलीभाषा, बाजारहाट, काटेकोर दिनक्रम आणि तोंडावर लागणारी दारे हे सारे त्याच्याकडूनच शिकायचे. हा गुरूही बहुधा विशीच्या आसपासचाच. फेब्रुवारी २०१९पर्यंत घरी फोन करण्याची मुभा नाताळ आणि मातृदिनापुरतीच होती. प्रस्तुत पत्रे त्याआधीची असल्याने त्यांत घरच्यांसाठी इतका बारीकसारीक तपशील येतो.