पावसाचा जमाखर्च

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर नागापूर लागतें. सीना नदीच्या कांठच्या या गांवाभोवतीं आज औद्योगिक वसाहत उभी आहे. यंत्रें दिवसरात्र फिरतात. सीना मात्र पावसाळ्याची नदी. यंत्राला थांबणें परवडत नाहीं आणि पावसाला घाई करतां येत नाहीं. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न नव्या काळाचा वाटतो. परंतु नगरच्या भूमीला तो पांच शतकांपासून परिचित आहे, आणि त्याचीं उत्तरेंहि येथील लोकांनीं वेळोवेळीं शोधलीं आहेत.

इ. स. १४९० मध्यें अहमद निजामशहानें सीनेच्या कांठीं शहर वसविलें. राजधानी म्हटली म्हणजे वाडे, बागा, हौद आणि हमामखाने आले. नदीचा भरंवसा मात्र पावसापुरताच. तेव्हां निजामशाहींतील जाणकारांनीं कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गांवांतील विहिरींचें पाणी खापरी नळांनीं जमिनीखालून शहरांत आणलें. या नळांच्या वाटेवर ना मोट लागे, ना बैल. उतार हेंच त्यांचें बळ. या योजनेंत एक शहाणपण दडलेलें होतें. उगमाच्या विहिरींत जेवढें पाणी पाझरे, तेवढेंच शहराला मिळे. भूमीनें दिलें त्याहून अधिक घेण्याची सोयच त्या नळांत नव्हती.

विसाव्या शतकांत ही मर्यादा मागें पडली. १९२६ मध्यें भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या पाटांखालीं ऊंस उभा राहिला, आणि १९५० मध्यें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवरेच्या परिसरांत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ऊंस पिकविणाराच कारखान्याचा धनी झाला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पाटाचें पाणी जेथवर पोंचलें, तेथवरच हें वैभवहि पोंचलें. पारनेर, पाथर्डी, जामखेड इकडील बहुतेक शिवार आभाळाकडे पाहात राहिलें, आणि १९७२ च्या दुष्काळांत तेथील शेतकऱ्याला खडी फोडावयास जावें लागलें.

त्याच दुष्काळाच्या झळेंतून शेजारच्या पुणें जिल्ह्यांत एक निराळा विचार पुढें आला. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे या अभियंत्यानें पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, तर माणसांच्या मानानें वांटावयाचें, हें तिचें मूळ सूत्र. दर माणशीं अर्धा एकर, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल इतकेंच पाणी; भूमिहीनालाहि त्यांत वांटा; ऊंस मात्र वर्ज्य. पावसावर कोणाचा सातबारा नाहीं, हें त्या नियमांनीं रोखठोक सांगितलें. १९७५ पासून पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी येथें अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें पाणी अडविण्याचीं कामें सुरू झालीं.

त्यानंतरचें पाऊल हिवरे बाजार या नगर तालुक्यांतील गांवानें टाकलें. पोपटराव पवार १९८९ मध्यें तेथें सरपंच झाले, तेव्हां गांव उजाड झालेलें होतें. पोटासाठीं अनेक कुटुंबांनीं बाहेरची वाट धरली होती. गांवकऱ्यांनीं श्रमदान केलें, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, डोंगरउतारावर समतल चर खोदले, ओढ्यांवर बांध घातले. यामागील शास्त्र साधें आहे. गवत वाढलें म्हणजे माती धरून राहाते. चरांत थांबलेलें पाणी मुरुमाच्या थरांत उतरतें आणि हळूहळू विहिरींकडे झिरपतें. खालचा काळा पाषाण पाणी फार थोडें साठवितो. म्हणून एकानें खोल विंधन विहीर घेतली, तर शेजाऱ्याची विहीर कोरडी पडावयाचें भय असतें. हें जाणून गांवानें शेतीसाठीं विंधन विहिरी घेण्यास मनाई केली, आणि ऊंस व केळीं यांसारखीं फार पाणी पिणारीं पिकें टाळलीं.

परंतु खरें नवेपण आहे तें पाण्याच्या अंदाजपत्रकांत. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी मिळतें. हिवरे बाजारचें शिवार सुमारें ९७७ हेक्टरांचें. म्हणजे मिलिमीटरामागें जवळजवळ एक कोटि लिटर. त्यांतील कांहीं वाफ होऊन जातें, कांहीं वाहून जातें, कांहीं मुरतें. पावसाळा सरला म्हणजे ग्रामसभेंत हा हिशेब मांडला जातो. आधीं माणसें व गुरें यांचें पिण्याचें पाणी, मग पिकें, आणि पुढील वर्षासाठीं कांहीं शिल्लक. पाऊस उणा पडला, तर रब्बीचा पेरा कमी करावयाचा. ज्याच्यापाशीं पैसा आहे, त्यालाहि हाच नियम. आणि या नियमाची खरी कसोटीहि तेथेंच लागते.

नागापूरच्या कारखान्यांना खापरी नळ पुरणार नाहींत, आणि हिवरे बाजारचा कित्ता मोठ्या शहरानें जसाच्या तसा गिरविणेंहि शक्य नाहीं. दूरच्या धरणाचें पाणी आलें म्हणजे जमेची बाजू डोळ्यांआड होते, आणि खर्च तेवढा वाढत जातो. निजामशाहींत विहिरीचा झरा जो लगाम घालीत होता, तो हिवरे बाजारच्या गांवकऱ्यांनीं ग्रामसभेंत हात वर करून, आपखुशीनें स्वतःला घालून घेतला. शहरानें त्यांच्यापासून घ्यावयाचें तें एवढेंच : खर्चाचा आंकडा लिहिण्यापूर्वीं जमेचा आंकडा पाहावा.