मांडीवरचे पुस्तक

पाली म्हटले की बहुतेकांना अष्टविनायकांतला बल्लाळेश्वर आठवतो. ही ती पाली नव्हे. ही रत्नागिरी तालुक्यातली, मुंबई-गोवा हमरस्त्यावरची पाली. हातखंबा मागे टाकून आले की हे गाव लागते. येथून एक रस्ता लांजा-राजापूरकडे जातो आणि दुसरा साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे. त्यामुळे पाली पाहिलेली माणसे पुष्कळ, पण पालीत राहिलेली थोडी. माणसे येथे उतरतात, चहा घेतात आणि दुसऱ्या गाडीत बसून निघून जातात. घरांतून राहतात ती वडील माणसे, बायका आणि लहान मुले. कमावता पुरुष कोकणच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मुंबईला.

अशाच एका घरी दिवाळीच्या आदल्या दिवसांत गाडीची वाट पाहात बसण्याचा योग मला आला. ओसरीवर आजी बसली होती आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांचा नातू. मुलाच्या बापाने मुंबईहून चित्रांचे एक पुस्तक पाठविले होते. आजीला अक्षरओळख नाही. पण ती एकेक पान उलटीत होती आणि प्रत्येक चित्रावर काहीतरी सांगत होती, मध्येच गुणगुणत होती. एका पानावर हत्ती रस्त्याने चालला होता. आजीने सांगितले की, हा हत्ती पालीच्या स्टँडवर निघाला आहे; तुझा बाबा मुंबईच्या गाडीतून उतरला की त्याला पाठीवर बसवून घरी आणणार. पोरगे डोळे विस्फारून ऐकत होते. इतक्यात आतून मुलाची आई आली. शिकलेली, मुलाच्या अभ्यासाची काळजी वाहणारी मुलगी. ती हसून म्हणाली, "आई, तसं नाही लिहिलेलं त्यात. हत्ती बाजारात चाललाय."

आजीने पुस्तक मिटले. "मग तूच वाच गो बाय," एवढेच म्हणाली आणि पदराने चष्मा पुसू लागली.

प्रसंग क्षुल्लक होता. कोणी रागावले नाही, कोणी दुखावल्याचे दाखविले नाही. पण गाडीत बसल्यावरही ते मिटलेले पुस्तक माझ्या डोळ्यांपुढून हालेना. लहान मुलाचे पुस्तक कोणाचे? ज्याला वाचता येते त्याचे, की ज्याच्या मांडीवर मूल बसले आहे त्याचे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आपल्याकडची गाणी आणि चित्रे मुलांपर्यंत कशी येत गेली, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पालीच्या उत्तरेस आणि दक्षिणेस, जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या सीमेतच, ह्या इतिहासाची बरीचशी पाने विखुरलेली आहेत.

आरंभ अर्थातच गाण्याचा. छापखाना येण्यापूर्वी कित्येक शतके मराठी मूल गाण्यातच न्हात होते, जेवत होते आणि झोपत होते. अंगाला तेल चोळताना एक गाणे, तळहातावर बोट फिरवून गुदगुल्या करताना दुसरे, चांदोबा दाखवून घास भरविताना तिसरे. बारशाच्या पाळण्यात पहिला दिवस, दुसरा दिवस असे दिवस मोजीत जायचे. म्हणजे नाव मिळण्याच्या घटकेलाच मुलाच्या कानावरून अंक जात. ह्या गाण्यांना अर्थ असलाच पाहिजे असा कोणाचा आग्रह नव्हता. ताल हाच अर्थ. मूल शब्द समजण्याआधी शब्दांचे तुकडे ओळखू लागते, कोठे आवाज चढतो आणि कोठे पडतो हे जाणते, पुढचे यमक येण्याआधीच हसते. आज बालशिक्षणाचे अभ्यासक जे सांगतात ते आपल्या आज्या-पणज्या न सांगता करीत होत्या.

गोष्टींचेही तसेच. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे घर शेणाचे, ही गोष्ट ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. ही गोष्ट तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त आहे. तेथे चिमणीच्या जागी साळई आहे, एवढाच काय तो फरक. राज्ये आली नि गेली, लिपी बदलली, भाषा पार पालटली. पण एक पाखरू मेणाच्या घरात बसून राहिले आणि दुसरे पावसात भिजत दाराशी आले. सातशे वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट कोणी सांभाळली? पंडितांनी नव्हे. ती सांभाळली मुलाला निजविणाऱ्या बायकांनी, आणि त्यांतल्या बहुतेकींना एक अक्षरही वाचता येत नव्हते.

ह्या निरक्षर भांडाराची किंमत ज्यांनी ओळखली त्यांत साने गुरुजींचे नाव प्रथम घ्यावे लागेल. गुरुजींचा जन्म १८९९चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे सर्वांना ठाऊक असते. पण घरोघरच्या बायकांच्या ओव्या गोळा करून त्यांनी 'स्त्रीजीवन' हा संग्रह सिद्ध केला, ह्याची आठवण फारशी निघत नाही. जात्यावर बसलेल्या बाईने तान्ह्या बाळाविषयी काय गायिले, हे त्यात सापडते. श्यामची आई मोठी का वाटते, ह्याचे एक उत्तर त्या ओव्यांतही आहे.

हे झाले गाण्याचे. चित्रांचे काय? आपल्याकडे चित्रांची पुस्तके साहेबाने आणली, असा एक समज आहे. छापील पुस्तकांपुरता तो खराही असेल. मुलांसाठी चित्रे घातलेले पुस्तक म्हणून युरोपात कोमेनियसच्या 'ऑर्बिस पिक्टस' ह्या १६५८ सालच्या ग्रंथाचा मान मोठा आहे. पण चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची रीत आपल्याकडे त्याहून फार जुनी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर ह्याने रचलेल्या 'मानसोल्लासा'त चित्रकथकाचा उल्लेख येतो. आणि ही परंपरा जिवंत राहिली ती कोठे, तर कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजात. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातच होते.

पिंगुळीच्या चित्रकथ्याची पोथी म्हणजे शिवलेले पुस्तक नव्हे. सुट्या कागदांवर हाताने रंगविलेली चित्रे पाठीस पाठ लावून चिकटवायची आणि त्यांचा गठ्ठा कापडात बांधून ठेवायचा; ही झाली पोथी. रामायण-महाभारतातले एक आख्यान म्हणजे एक पोथी. रात्री देवळात चित्रकथी एकेक पान समोर उभे करी आणि वीणा, टाळ, हुडुक ह्यांच्या साथीवर कथा गाई. पान बदलले की चाल बदले, राक्षस आला की आवाज बदले. समोर म्हातारे असत, बायका असत आणि पुढच्या रांगेत अर्थातच मुले. कथा चित्राखालच्या अक्षरांत नव्हती. ती सांगणाऱ्याच्या गळ्यात होती. चित्र तेच, पोथी तीच, पण सांगणारा प्रत्येक वेळी ती नव्याने सांगे. त्याला "असे लिहिलेले नाही" असे म्हणणारा कोणी नव्हता. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ह्या कलेकडे शहरी लोकांचे पुन्हा लक्ष गेले.

मग छापखाना आला. तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ साली इसापाच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' ह्या नावाने मराठीत छापल्या गेल्या. मुंबईस सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही पुस्तके १८२८ साली निघाली. रत्नागिरीचे वाचनालयही १८२८ सालचेच. एकाच वर्षी एकीकडे मुलांसाठी मराठी पुस्तक तयार झाले आणि दुसरीकडे कोकणातल्या एका गावी पुस्तकांसाठी घर उभे राहिले. योगायोग खरा, पण मोठा गोड!

मात्र ही पुस्तके आणि मांडीवरचे मूल ह्यांची गाठ पडली नाही. ती होती शाळेसाठी, बहुधा भाषांतरित, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य बांधलेली. गाणे मागे राहिले, चित्र दुर्मीळ झाले आणि उपदेश पुढे आला. ह्यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. गद्य घडत होते, शाळा उभ्या राहात होत्या, ज्ञानाची भूक मोठी होती. ती भागविणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातले विनायक कोंडदेव ओक अग्रभागी होते. गुहागर तालुक्यातल्या हेदवीस १८४० साली जन्मलेल्या ह्या गृहस्थाने १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले आणि १९१४ साली देह ठेवीपर्यंत ते निष्ठेने चालविले. चरित्रे, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती. एकट्या माणसाने एवढी वर्षे मुलांसाठी लिहीत राहावे, ही गोष्ट आजही नतमस्तक करणारी आहे. पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे ह्यांचे 'आनंद' आले आणि ह्या क्षेत्रात थोडा मोकळा वारा खेळू लागला. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावी जन्मलेल्या रेव्हरंड टिळकांना तर लोक फुलामुलांचे कवी म्हणूनच ओळखू लागले.

तरीही ह्या सगळ्यांचा वाचक म्हणजे वाचू शकणारे मूल. पाच वर्षांच्या आतले मूल ह्या हिशेबात नव्हते. त्याला हिशेबात धरले ते ताराबाई मोडक ह्यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर काम करून, माँटेसरीची पद्धत आपल्या मातीत रुजविण्याचा त्यांनी ध्यास घेतला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले आणि १९५७ साली ते कोसबादच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर ह्या बायकांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द ह्या खटाटोपातून आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणात शाळा भरविली. महागडी साधने परवडेनात, तेव्हा बिया, शिंपले, पाने, खडे हीच साधने केली. आणि गाणी व गोष्टी ह्यांना दिवसाच्या कार्यक्रमात हक्काची जागा दिली. आईच्या मांडीवरचे गाणे शाळेत प्रतिष्ठित झाले ते असे. १९७५ साली सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर गेला.

ह्याच सुमारास कवितेनेही तात्पर्याचे ओझे खाली टाकले. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' १९६१ साली आली. थोर प्रतिभेचा कवी मुलांसाठी निखळ गंमत करू शकतो, किंबहुना ती करायला थोर प्रतिभाच लागते, हे तिने दाखवून दिले. विंदा देवगड तालुक्यातले, मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. दोघेही जन्माने जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे. कोकणच्या पावसात काही लय असावी, असे म्हणण्याचा मोह होतो!

चित्र मात्र उशिरा परतले. रंगीत छपाई महाग; मुलांच्या पुस्तकासाठी एवढा खर्च कोण करणार? नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ साली स्थापन झाला आणि पुढे त्याच्या नेहरू बाल पुस्तकालयातली स्वस्त सचित्र पुस्तके मराठीतही आली. सोव्हिएत रशियातून मराठीत छापून येणारी पुस्तके कित्येक घरांत पोहोचली. बर्फ कधी न पाहिलेल्या कोकणी मुलांनी त्या चित्रांतून बर्फ पाहिला. अलीकडच्या काळात माधुरी पुरंदरे ह्यांनी लिहिलेल्या आणि स्वतःच चितारलेल्या पुस्तकांनी आपल्याकडचे घर, आपल्याकडची आजी, आपल्याकडचे भांडेकुंडे चित्रात आणले. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्ससारख्या संस्थांनी अल्प किमतीत पुस्तके काढली. पिंगुळीच्या पोथीपासून दुरावलेले चित्र फिरून मुलाच्या हातात आले.

आता पालीच्या ओसरीकडे वळू. त्या सुनेचे काही चुकले का? मला तसे म्हणवत नाही. मुलाच्या कानावर छापील भाषा पडावी, शब्द आणि अक्षर ह्यांचे नाते त्याला कळावे, ही तिची इच्छा रास्तच आहे. शाळेत गेल्यावर त्याला हीच भाषा भेटणार आहे. पण आजीचे तरी काय चुकले? तिने केले ते चित्रकथी करीत आला तेच. अक्षरांच्या पुस्तकाने शंभर वर्षे तिला दाराबाहेर ठेवले होते. चित्रांच्या पुस्तकाने तिला प्रथमच आत घेतले. ते दार पुन्हा लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. सुनेच्या वाचनाने मुलाला पुस्तकातला हत्ती मिळतो, आजीच्या सांगण्याने तो हत्ती पालीच्या रस्त्यावर येतो. मुलाला दोन्ही हत्ती हवेत.

ह्या दिवाळीत पुष्कळ घरांत फराळाच्या ताटाशेजारी मुलांसाठी एखादे नवे पुस्तक येईल. ते देताना घरातल्या सर्वांत वडील बाईच्या हाती आधी द्यावे, एवढेच सुचवावेसे वाटते. तिला वाचता येत असो वा नसो.

आणि हो, त्या दिवशीची गोष्ट तेथेच संपली नव्हती. मी निघताना सून पुस्तक घेऊन बसली होती आणि नीट, स्वच्छ उच्चारांत वाचून दाखवीत होती. हत्तीचे पान आले. ती म्हणाली, "हत्ती बाजाराला निघाला." पोराने पुस्तक तिच्या हातातून ओढले, आजीपाशी नेले आणि चित्रावर बोट ठेवून विचारले, "आजी, गाडी आली?"

आजीने सुनेकडे पाहिले. सुनेनेही तिच्याकडे पाहिले, आणि मग तीच म्हणाली, "सांगा ना आई, आली का गाडी?"