हायकोर्टाची जुनी घरं

मुंबई हायकोर्टाच्या सेंट्रल कोर्टाबाहेर एक पाटी आहे. ज्याला इथं शिक्षा झाली त्याचेच शब्द तिच्यावर कोरलेत. २२ जुलै १९०८ च्या रात्री राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीनं सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवलं आणि न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. शिक्षेआधी काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर टिळक जे बोलले, ते ज्युरीच्या निर्णयापेक्षा जास्त टिकलं. हेच दावर १८९७ च्या आधीच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी ही पाटी लावली. न्यायालयानं स्वतःच्या भिंतीवर स्वतःची चूक लिहून ठेवावी, याचं मोल मला फार वाटतं.

इमारतीचा थाट मात्र चूक कबूल करणाऱ्याचा नाही. कर्नल जेम्स फुलर यांनी ती आखली. १८७१ साली काम सुरू झालं, १८७८ साली संपलं. ओव्हल मैदानावरून पाहिलं की ५६२ फूट लांबीचा दगडी पसारा एका नजरेत मावत नाही. वर न्याय आणि दया यांचे पुतळे, पश्चिमेला दोन अष्टकोनी मनोरे. त्यांतले जिने न्यायाधीशांसाठी राखीव. न्याय देणाऱ्याची आणि मागणाऱ्याची वाट एक होऊ नये, याची तजवीज नकाशातच होती.

हायकोर्ट स्थापन झालं ते १८६२ साली, म्हणजे इमारतीच्या आधी. तेव्हा ते सुप्रीम कोर्टाच्या जुन्या जागेत, अपोलो स्ट्रीटवरच्या ॲडमिरल्टी हाउसमध्ये बसे. ही वास्तू मुळात गव्हर्नर हॉर्नबी यांचं राहतं घर. १८०० पासून तिथं रेकॉर्डर्स कोर्ट होतं, १८२४ पासून सुप्रीम कोर्ट. आज तिला ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग म्हणतात. फोर्टात रोज येणारी माणसंही तिच्यासमोरून न थांबता जातात.

त्याआधी मुंबईचं न्यायालय भरे ते घर रामा कामतीचं. वाळकेश्वराचं देऊळ १७१५ साली नव्यानं बांधणारा हा सारस्वत व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीच्या मर्जीतला होता. १७२० मध्ये त्याच्यावर आरोप आला की तो कान्होजी आंग्र्यांना सामील आहे. पुरावा म्हणून त्याच्या नावाचं एक पत्र पुढं आलं. त्याच्या एका माणसाच्या अंगठ्यांना लोखंडी पेच आवळून कबुली घेण्यात आली. कामतीला जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि त्याच्या कोटातल्या घरात न्यायालय भरू लागलं. १७२८ साली तो कैदेतच वारला. पत्रावरचा शिक्का बनावट होता, हे पुढं उघडकीला आलं.