गोणपाटावरची साक्ष

शिवणकामाचा इतिहास लिहिताना आपण टाक्यांचे प्रकार सांगतो, रंगसंगतीची वाखाणणी करतो आणि परंपरेच्या प्राचीनतेपाशी येऊन थांबतो. शिवणारीला काही सांगायचे होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या ‘अर्पियेरा’ या कलाप्रकाराकडे पाहताना मात्र तो टाळता येत नाही.

अर्पियेरा या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ गोणपाट. पिठाच्या रिकाम्या पोत्याचा एक तुकडा घ्यायचा, त्यावर चिंध्या जोडून घरे, झाडे, डोंगर, माणसे रचायची आणि कडेने लोकरीची किनार विणायची, अशी याची रीत. जुन्या कपड्यांना नवे आयुष्य देण्याची ही हातोटी आपल्याला गोधडीमुळे परिचयाची आहे. फरक इतकाच, की अर्पियेरा अंगावर घ्यायची नसते, भिंतीवर लावायची असते. चिलीच्या विख्यात लोकगायिका विओलेता पार्रा यांनी गोणपाटावर लोकरीने भरलेली चित्रे १९६४ मध्ये पॅरिसला लूव्र राजवाड्याच्या दालनात मांडली गेली. पण पुढच्या दशकात या कापडावर जे उमटले, त्याची प्रेरणा निराळी होती.

११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोचेत यांच्यासह सेनाधिकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. त्यानंतर माणसे घरांतून, कारखान्यांतून, रस्त्यांवरून उचलली गेली. कित्येकांचा पुढे ठावठिकाणा लागला नाही. पोलीस ठाणी, तुरुंग, शवागारे यांच्या फेऱ्या मारताना त्यांच्या आया, बायका, बहिणी एकमेकींना ओळखू लागल्या. विविध धर्मपंथांनी मिळून स्थापलेल्या शांतता समितीच्या आश्रयाने १९७४ च्या सुमारास या स्त्रिया एकत्र बसून शिवू लागल्या. पिनोचेत यांच्या दडपणामुळे ती समिती बंद पडली. तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेस यांच्या पुढाकाराने जानेवारी १९७६ पासून ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही चर्चची संस्था कामाला लागली. ती ही कापडी चित्रे विकत घेऊन परदेशी पाठवी. घरातला मिळवता पुरुष नाहीसा झालेल्या, किंवा बेकार होऊन बसलेल्या, कुटुंबांना त्या पैशाचा मोठा आधार होता.

वरवर पाहता ही चित्रे खेळकर वाटतात. मागे अँडीज पर्वताची रांग, वर सूर्य, समोर चिंध्यांच्या बोटभर बाहुल्या. जरा थांबून पाहावे, तर बाहुल्यांच्या हातांत फलक असतो: ‘कुठे आहेत ते?’ कारखान्याच्या दाराला कुलूप असते, वस्तीतल्या बायका एका सामाईक पातेल्याभोवती जमलेल्या असतात. काहींनी तर बेपत्ता माणसाच्या सदऱ्याचाच तुकडा चित्रात शिवला. कित्येक चित्रांच्या पाठीमागे लहानसा खिसा असे आणि त्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी.

वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण असलेल्या देशातून ही साक्ष बाहेर जाऊ शकली, ती कशामुळे? बायकांच्या शिवणकामात राजकारण असू शकेल, हे सत्तेच्या फार उशिरा ध्यानात आले, हे त्याचे एक कारण. पुढे ते ध्यानात आलेच. सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांनी ही चित्रे देशाची बदनामी करणारी ठरवली, त्यांची काही पार्सले जप्तही झाली. तोवर ती युरोप-अमेरिकेतल्या अनेक घरांत पोहोचली होती.

पण ज्या उपेक्षेने या कामाला संरक्षण दिले, तिनेच त्याचे नुकसानही केले. सुरक्षिततेसाठी बहुतेक चित्रांवर सही नव्हती. विओलेता मोरालेस यांच्यासारखी थोडी नावे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे भाऊ न्यूटन १९७४ मध्ये पकडले गेले आणि परतले नाहीत. इतर असंख्य शिवणाऱ्या जणी ‘अज्ञात’ या एकाच शब्दात मावल्या. चित्रकाराच्या अनामिकतेची आपण चिकित्सा करतो. शिवणकाम करणारीची अनामिकता मात्र आपल्याला स्वाभाविक वाटते. इथे ती स्वाभाविक नव्हती, भीतीतून आली होती. ‘लोककला’ या प्रेमळ शब्दाखाली हा भेद सहज पुसला जातो.

मार्च १९९० मध्ये लष्करी राजवट संपली. अर्पियेरा आजही विकल्या जातात. पर्यटकांसाठीच्या चित्रांत बहुधा बाजार, सुगी आणि सूर्य असतो. जुन्या चित्रांपैकी अनेक सांतियागो येथे २०१० मध्ये उघडलेल्या स्मृती आणि मानवाधिकार संग्रहालयात आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये चिलीच्या सरकारने बेपत्तांच्या शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली, तेव्हा तिच्या यादीत १४६९ नावे होती.

म्हणजे फलकावरचा तो प्रश्न पन्नास वर्षांनंतर सरकारलाही विचारावा लागला. शिवणाऱ्या बायकांनी तो पोत्याच्या तुकड्यावर आधीच टाचून ठेवला होता. अशा कापडाला ‘हस्तकला’ म्हणून काचेआड ठेवताना इतिहासकाराने त्याची पाठही उलटून पाहावी. एखाद्या खिशात चिठ्ठी अजून असेल.