लिंडझी, बेंजामिन बार

(२५ नोव्हेंबर १८६९ – २६ मार्च १९४३). अमेरिकन न्यायाधीश व बालन्यायालयांच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक. ‘बेन लिंडझी’ या नावाने परिचित. जन्म टेनेसी राज्यातील जॅक्सन येथे. वास्तव्य मुख्यतः कोलोरॅडोतील डेन्व्हर शहरी. वडिलांच्या निधनानंतर घरची जबाबदारी अंगावर आली. पडेल ते काम करीत व वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करीत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. १८९४ मध्ये सनद. १९०१ मध्ये डेन्व्हरच्या कौंटी न्यायालयात न्यायाधीशपदी नेमणूक.

बालन्यायालय : रेल्वेचा कोळसा चोरणाऱ्या एका मुलाला त्यांनी सुधारगृहात पाठवण्याचा आदेश दिला, तेव्हा त्याच्या आईने न्यायालयातच हंबरडा फोडला. शिक्षा स्थगित करून लिंडझींनी त्या मुलाचे घर गाठले. धातू गाळण्याच्या कारखान्यात शिशाची विषबाधा झालेला बाप अंथरुणाला खिळला होता. ही हकिकत लिंडझींनीच सांगितलेली आहे. यानंतर त्यांनी कोलोरॅडोच्या १८९९ च्या शाळाविषयक कायद्याचा आधार घेऊन बालआरोपींचे खटले आपल्याकडे वळवले. त्याच वर्षी शिकागोत पहिले बालन्यायालय स्थापन झाले होते. डेन्व्हरमध्ये त्यासाठी विशेष कायदा १९०३ मध्ये, तर स्वतंत्र न्यायालय १९०७ मध्ये आले. मुलाच्या गुन्ह्यास हातभार लावणाऱ्या पालकांना व इतर प्रौढांना जबाबदार धरणारी १९०३ ची तरतूद हे त्यांचे महत्त्वाचे विधिविषयक योगदान होय.

परिवीक्षेवरील मुले ठरावीक शनिवारी शिक्षकांचे शेरे घेऊन येत. लिंडझी उच्चासन सोडून त्यांच्यात बसत. सुधारगृहाची शिक्षा झालेल्या मुलाच्या हाती आदेशाचे कागद देऊन ते त्याला पोलीस सोबत न देता एकट्यालाच गोल्डन गावच्या सुधारगृहात पाठवीत. फारच थोडी मुले पळाली, असा त्यांचा दावा होता. शहरात क्रीडांगणे व सार्वजनिक स्नानगृहे व्हावीत यासाठीही त्यांनी खटपट केली.

अवमान खटला : १९१५ मध्ये पतीच्या खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या खटल्यात लिंडझींना साक्षीस बोलावण्यात आले. तिच्या अल्पवयीन मुलाने त्यांना विश्वासाने काही सांगितले होते. ते उघड करण्यास त्यांनी नकार दिला व न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना ५०० डॉलर दंड झाला. वकील, डॉक्टर व धर्मगुरू यांच्याशी झालेल्या, तसेच पतिपत्नींमधील संभाषणास कायद्याने संरक्षण होते. बालन्यायाधीशाचा त्या यादीत उल्लेख नव्हता. मूल खरे बोलते, यावरच या न्यायालयाचे काम चालते, असा लिंडझींचा युक्तिवाद. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये दंड कायम केला. विश्वासाने दिलेल्या माहितीचे संरक्षण कोणत्या नात्यांना मिळावे, या प्रश्नाच्या दृष्टीने हा निर्णय अभ्यसनीय आहे.

राजकारण : १९०६ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून पराभूत. १९१५ मध्ये पहिले महायुद्ध थांबवण्यासाठी उद्योगपती हेन्री फोर्ड यांनी पाठवलेल्या शांतता जहाजावरून युरोपचा प्रवास.

पदच्युती : १९२४ च्या निवडणुकीत कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेचा विरोध असूनही ते थोड्या मतांनी विजयी ठरले, मात्र मतांच्या वैधतेवरून वाद झाला आणि १९२७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. जाण्यापूर्वी त्यांनी मुलांच्या खटल्यांची गोपनीय कागदपत्रे सार्वजनिकरीत्या जाळून टाकली. न्यायाधीशपदी असताना वकिली कामाचे शुल्क घेतल्याच्या आरोपावरून १९२९ मध्ये त्यांची कोलोरॅडोतील सनद रद्द झाली. ती १९३५ मध्ये परत मिळाली. या कारवाईमागे राजकीय वैर होते, असे त्यांचे समर्थक मानतात.

ग्रंथ : डेन्व्हरमधील राजकीय भ्रष्टाचारावरील द बीस्ट (१९१०, हार्वी ओहिगिन्स यांच्यासह), द रिव्होल्ट ऑफ मॉडर्न यूथ (१९२५) व द कम्पॅनियनेट मॅरेज (१९२७), दोन्ही वेनराइट एव्हान्स यांच्यासह. शेवटच्या ग्रंथात त्यांनी संततिनियमनाला कायदेशीर मान्यता व अपत्यहीन दांपत्यांना परस्परसंमतीने घटस्फोट सुचवला. धर्मसंस्थांनी त्यावर टीकेची झोड उठवली. ‘प्रायोगिक विवाह’ हे त्याचे वर्णन लिंडझींना मान्य नव्हते.

अखेरचा काळ : १९३४ मध्ये लॉस अँजेल्स कौंटीच्या वरिष्ठ न्यायालयावर निवड. घटस्फोटापूर्वी दांपत्यांत समेट घडवू पाहणाऱ्या कॅलिफोर्नियातील न्यायालयाची १९३९ ची योजना त्यांच्या प्रयत्नांचे फळ. लॉस अँजेल्स येथे निधन.